पिस्टनच्या डब्यावर वजनही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मोटरसायकलचा पिस्टन सेट विकत घेतला की डब्यावर काय छापलेले असते? गाडीचे मॉडेल, बोअरचे (सिलिंडरच्या व्यासाचे) माप, स्टँडर्ड की ओव्हरसाइज, एमआरपी, बॅच नंबर आणि 'नेट क्वांटिटी : १ नग'. वजन बहुतेक वेळा नसते. रॉड किटच्या (पिस्टन आणि फिरणारा क्रँक यांना जोडणाऱ्या दांड्याच्या संचाच्या) डब्याची तीच गत. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे परिमाण नगांत सांगितले तरी चालते, त्यामुळे विकणाऱ्याची कायद्याची बाजू पक्की आहे. अडचण बसवणाऱ्याची होते. इंजिनातल्या फिरणाऱ्या आणि वरखाली होणाऱ्या भागांचे वजन त्यांच्या मापाइतकेच महत्त्वाचे, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही. हे वजन डब्यावर छापले जावे आणि तोपर्यंत गॅरेजमध्ये जुना-नवा भाग काट्यावर घालूनच बसवला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

'पाच-दहा ग्रॅमने काय बिघडते?' असे हमखास विचारले जाते. त्याचे उत्तर कागदावर मांडून देता येते. पिस्टन अगदी वर पोचतो, थांबतो आणि उलटा खाली वळतो. त्या क्षणी त्याला मागे खेचायला लागणारे बल म्हणजे त्याचे वस्तुमान, क्रँकची त्रिज्या (म्हणजे निम्मा स्ट्रोक; स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव) आणि फिरण्याच्या वेगाचा वर्ग यांचा गुणाकार. रॉडच्या लांबीमुळे वरच्या टोकाला त्यात आणखी साधारण एक चतुर्थांश भर पडते. स्प्लेंडरचे ९७.२ सीसीचे इंजिन घ्या. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी. ८००० आरपीएमला वरच्या टोकाशी पिस्टनचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२०० पट येते. म्हणजे जास्तीचा प्रत्येक ग्रॅम तिथे २.२ किलोने ओढतो. दहा ग्रॅम म्हणजे २२ किलो, आणि तेही सेकंदाला १३३ वेळा. बुलेट ३५० चे ७० बाय ९० मिमीचे जुने इंजिन घेतले तर ५२५० आरपीएमला हा आकडा सुमारे १७०० पट येतो. आरपीएम कमी, पण स्ट्रोक लांब, म्हणून फार सुटका नाही.

वेगाचा वर्ग या हिशेबात आहे, हे विसरून चालत नाही. आरपीएम दुप्पट झाला की ओढ चौपट. म्हणूनच गॅरेजच्या दारात दोन-चार वेळा रेस देऊन सगळे ठीक वाटते आणि हायवेला लागल्यावर फूटरेस्ट आणि हँडलला झिणझिण्या सुरू होतात. शिवाय ही ओढ दर वेळी सारखी जाणवत नाही. कॉम्प्रेशन संपताना वर दाबलेला आणि पेटता गॅस पिस्टनला खाली ढकलत असतो, त्यात बरीचशी ओढ फिटते. एक्झॉस्ट संपताना वर दाब जवळपास नसतो. तेव्हा सगळा भार रॉड, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) आणि चारचाकीत रॉडच्या बोल्टवर येतो. घाटात उतरताना चुकून दोन गिअर खाली पडून इंजिन किंचाळते, थ्रॉटल बंद असतो, ती वेळ रॉडच्या बोल्टसाठी सर्वांत वाईट. पिस्टन जड असेल तर आणखी वाईट.

आता वजन कोणते, हे नीट वेगळे करायला हवे. पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि तिची लॉके हे भाग सरळ वरखाली होतात. क्रँकपिन (रॉडचे खालचे टोक, म्हणजे बिग एंड, जिच्यावर बसते ती पिन), बिग एंडचे बेअरिंग, फ्लायव्हील, मॅग्नेट हे गोल फिरतात. रॉड दोन्ही करतो. त्याचे स्मॉल एंडकडचे (पिस्टनच्या टोकाचे) वजन वरखाली होणाऱ्या खात्यात धरायचे आणि बिग एंडकडचे फिरणाऱ्या खात्यात. ही दोन खाती वेगळी ठेवायचे कारण असे की फिरणारे वजन काउंटरवेटने (क्रँकवर पिनेच्या विरुद्ध बाजूला ठेवलेल्या वजनाने) शंभर टक्के तोलता येते; वरखाली होणारे एका सिलिंडरच्या इंजिनात पूर्ण तोलताच येत नाही. काउंटरवेट वाढवून वरखालीची थरथर मारायला जावे, तर तेच काउंटरवेट आडवे असताना पुढे-मागे हिसके देऊ लागते. म्हणून कंपनी मधला मार्ग काढते. वरखाली होणाऱ्या वजनाचा साधारण निम्मा किंवा थोडा जास्त हिस्सा तोलते आणि उरलेला चासीवर सोडते. किती हिस्सा, हे चासी, इंजिन किती तिरपे बसवले आहे, माउंटिंग कुठे आहेत आणि गाडी बहुतेक कोणत्या आरपीएमला चालणार, हे पाहून ठरते. हाच बॅलन्स फॅक्टर.

आकड्यांत मांडतो. समजा एका सिंगल सिलिंडर इंजिनात वरखाली होणारे एकूण वजन ४०० ग्रॅम आणि फॅक्टर ५५ टक्के. काउंटरवेटने २२० ग्रॅम तोलले, म्हणजे आडव्या दिशेला २२० ग्रॅमचा आणि उभ्या दिशेला १८० ग्रॅमचा असमतोल शिल्लक. आता ३० ग्रॅमने जड पिस्टन बसवला. उभा असमतोल २१० झाला, आडवा होता तेवढाच २२०, फॅक्टर ५१ वर आला. ९० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात ५००० आरपीएमला या ३० ग्रॅमची किंमत सुमारे ३८ किलो, सेकंदाला ८३ वेळा वर आणि तितक्याच वेळा खाली. उलट ३० ग्रॅमने हलका पिस्टन टाकला तर उभा असमतोल १५० वर येतो, फॅक्टर ५९ च्या पुढे जातो. रॉडवरचा ताण घटतो, हा निखळ फायदा. पण थरथरीची दिशा आणि ज्या आरपीएमला ती जाणवते तो टप्पा बदलतो. हलका पिस्टन टाकून 'गाडी आधी सत्तरला थरथरायची, आता नव्वदला थरथरते' अशी तक्रार येते, त्यामागे बहुधा हे असते. पार्ट खराब असतोच असे नाही. तो त्या क्रँकसाठी तोललेला नसतो. बॅलन्सर शाफ्ट (थरथर मारायला वेगळे वजन फिरवणारा दांडा) असलेल्या नव्या इंजिनांना हेच लागू. बॅलन्सरचे वजनही कंपनीच्या पिस्टनचा हिशेब धरूनच ठरलेले असते.

रॉड किटकडे तर लक्षच जात नाही. एका सिलिंडरच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्रँक दोन चकत्या, मधे क्रँकपिन आणि अखंड रॉड असा प्रेसने जुळवलेला असतो. किटमध्ये रॉड, क्रँकपिन, नीडल बेअरिंगचा पिंजरा आणि वॉशर येतात. मूळ क्रँकपिन तेलासाठी आतून पोकळ असेल आणि बाहेरची पिन कमी व्यासाने पोकळ असेल, तर तो सगळा फरक फिरणाऱ्या वजनात जातो. त्यात अर्धामुर्धा हिशेब नाही, शंभर टक्के असमतोल, उभा आणि आडवा दोन्हीकडे. बिग एंडचा घेर जाड ठेवलेल्या रॉडचेही तेच. एकूण वजन कंपनीच्या रॉडइतकेच भरले तरी फसगत होऊ शकते: स्मॉल एंड दहा ग्रॅमने हलका आणि बिग एंड दहा ग्रॅमने जड असला तर बेरीज जुळते, तोल जुळत नाही. म्हणून रॉडचे एकच वजन सांगणे अपुरे. दोन टोकांची दोन वजने हवीत.

ती कशी घ्यायची, हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त गफलत होते.

काटा ०.१ ग्रॅम मोजणारा आणि निदान दोन किलो क्षमतेचा हवा. किराणा दुकानातला पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा या कामाला निरुपयोगी. सोनाराचा काटा अचूक असतो, पण त्याची क्षमता रॉडला पुरेल का ते पाहून घ्यावे. काटा सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवून प्रमाणित वजनाने तपासायचा, पंखा बंद करायचा. जुन्या पिस्टनवरचा कार्बन, रिंगच्या खाचांतला मळ आणि आतले तेल आधी पूर्ण काढायचे. कार्बनसकट जुना पिस्टन जोखला तर तो काही ग्रॅम जड दाखवतो आणि नवा 'हलका' असल्याचा भास होतो. पिस्टन, पिन, रिंगांचा सेट आणि लॉके वेगवेगळी जोखून वहीत उतरवायची. सगळे एकदम जोखले तर फरक कुठून आला ते कळत नाही, आणि ते कळणेच महत्त्वाचे.

रॉडसाठी एक साधा स्टँड लागतो. बिग एंडच्या भोकातून एक छोटे बॉल बेअरिंग चढवलेला आडवा गज घालून ते टोक उचलून धरायचे, आणि स्मॉल एंड काट्यावरच्या तशाच टेकूवर ठेवायचा. टेकूचे वजन आधी शून्य करून घ्यायचे. दोन्ही भोकांची केंद्रे एका पातळीत हवीत. स्पिरिट लेव्हल लावून पाहावी. रॉड तिरपा राहिला किंवा टेकू भोकाच्या मध्याखाली नसला तर आकडा चार-पाच ग्रॅमने सहज फसवतो. वाचन घेतल्यावर रॉड उचलून परत ठेवायचा, तीन वाचने एकसारखी येईपर्यंत. मग फिरवून बिग एंड काट्यावर घ्यायचा. शेवटी दोन्ही टोकांच्या आकड्यांची बेरीज रॉडच्या एकूण वजनाशी ताडायची. एक ग्रॅमच्या आत जुळली तर दोन्ही वाचने खरी. नाही जुळली तर कुठेतरी घर्षण आहे किंवा पातळी चुकली आहे, सगळे पुन्हा. चारचाकीच्या रॉडमध्ये कॅप (बिग एंडचा सुटा होणारा अर्धा भाग), बोल्ट आणि बेअरिंगची शेल बसवूनच बिग एंड जोखायचा. हल्लीच्या बऱ्याच रॉडमध्ये कॅप तोडून वेगळी केलेली असते. त्या तुटीच्या दाण्यांवरच ती बसते, तेव्हा एका रॉडची कॅप दुसऱ्याला लावून वजन जुळवायचा मोह टाळावा.

फरक येतो कुठून? सर्वांत मोठा चोर गजन पिन. १८ मिमी जाड, ६० मिमी लांब पोलादी पिनेचे आतले भोक ११ मिमीचे असेल तर ती सुमारे ७५ ग्रॅम भरते. भोक १० मिमीचे असेल तर ८३. बाहेरून दोन्ही हुबेहूब. छोट्या गाडीची १३ मिमी जाड, ४० मिमी लांब पिन घेतली तरी ८ आणि ९ मिमी भोकांत चार ग्रॅमचा फरक पडतो. व्हर्नियर आतल्या भोकाला लावून पाहायला दहा सेकंद लागतात. त्यानंतर पिस्टनच्या माथ्याची जाडी. स्वस्त ओतीव पिस्टनमध्ये माथा आणि पिनेचे बॉस (पिन धरणारे कान) जरा जास्तच भरीव ठेवलेले असतात, कारण पातळ आणि निर्दोष ओतायला साचा आणि तपासणी दोन्ही महाग पडतात. ओव्हरसाइजनेही वजन वाढते, पण लोक समजतात तेवढे नाही. ७० चा बोअर ७१ केला तर माथ्याचे क्षेत्रफळ जेमतेम ३ टक्के वाढते, आणि चांगला उत्पादक तेवढी धातू आतून काढून वजन जुळवतोही. बोअर एका मिमीने वाढला आणि पिस्टन वीस ग्रॅमने जड भरला, तर दोष बोअरच्या माथी मारू नये.

फोर्ज्ड पिस्टन म्हणजे हलका पिस्टन, ही समजूत समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींनी घट्ट केली आहे. घडीव असो वा ओतीव, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंची घनता जवळपास सारखीच. घडीव धातू जास्त मजबूत, म्हणून कारागिराला भिंती पातळ ठेवता येतात, स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) आखूड करता येतो. ते केले असेल तरच पिस्टन हलका. वरचा माथा उंच करून कॉम्प्रेशन वाढवलेला घडीव पिस्टन कंपनीच्या ओतीव पिस्टनपेक्षा जडही भरतो. शिवाय २६१८ जातीच्या मिश्रधातूत सिलिकॉन अगदी कमी असल्याने तो तापल्यावर जास्त फुगतो आणि त्याला मोकळीक जास्त द्यावी लागते. ४०३२ मध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास असते, तो कमी फुगतो. पिस्टनसोबत आलेल्या कागदावरची क्लिअरन्स न वाचता कंपनीच्या मापाने होनिंग केले (सिलिंडर आतून घासला) की पहिल्याच लांब पल्ल्याला पिस्टन पकडतो. मग म्हणायचे, हलका पार्ट टिकत नाही.

आता फरक सापडला तर काय करायचे. सिंगल सिलिंडरमध्ये पाच ग्रॅमच्या आतला फरक रोजच्या वापराला सोडून द्यावा, असे आमचे मत. त्यापुढे गेल्यावर पहिला उपाय म्हणजे दुकानात परत जाऊन दुसरा नग मागणे. एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येही फरक असतो, आणि दुकानदाराच्या काउंटरवरच काटा असेल तर दोन्ही बाजूंचा वाद वाचतो. वजन काढायचेच असेल तर उत्पादकाने त्यासाठी ठेवलेल्या जागेवरूनच काढावे: पिस्टनमध्ये पिन बॉसच्या खालच्या गादीवरून, रॉडमध्ये स्मॉल एंडच्या माथ्यावरच्या आणि बिग एंडच्या तळच्या गादीवरून. माथ्याच्या आतून घासू नये, तिथे माथा भाजून भोक पडते. गजन पिन आतून पातळ करू नये. ती भाराखाली अंडाकृती होते आणि बॉसला उभी चीर जाते. रॉडच्या दांड्यावर घासायची वेळ आलीच तर घासणीच्या रेघा रॉडच्या लांबीच्या दिशेने पडायला हव्यात, शेवटी त्या पॉलिश करून मिटवायला हव्यात. आडवी रेघ ही चिरेची सुरुवात असते. बोल्टच्या बैठकीजवळ हात लावूच नये.

क्रँकच बॅलन्स करायचा असेल तर मघाचेच उदाहरण पुढे नेतो. ३० ग्रॅमने हलका पिस्टन, फॅक्टर ५५ च ठेवायचा. क्रँकपिनच्या त्रिज्येवर ३० चे ५५ टक्के, म्हणजे साडेसोळा ग्रॅम काउंटरवेटमधून कमी करायचे. पिनची त्रिज्या ४५ मिमी आणि भोक ५० मिमी त्रिज्येवर मारायचे असेल तर प्रत्यक्ष १४.८५ ग्रॅम निघायला हवेत, दोन चकत्यांत निम्मे-निम्मे. पोलादात १२ मिमीच्या ड्रिलने साधारण साडेआठ मिमी खोल भोक मारले की एका चकतीतून तेवढे निघतात. एकाच चकतीतून सगळे काढले तर उभा-आडवा तोल जुळूनही क्रँक डोलू लागतो. पिस्टन जड असेल तर काम अवघड. तेव्हा वजन क्रँकपिनच्या बाजूने काढावे लागते, आणि पिनच्या भोकाजवळ ड्रिल घातला की प्रेसने बसवलेल्या पिनेची पकड सैल होते. अशी चकती काही महिन्यांत पिनेवर सरकते. म्हणून जड पिस्टनसाठी क्रँक कोरण्यापेक्षा पिस्टन बदलणे शहाणपणाचे.

जास्त सिलिंडरच्या इंजिनात प्रश्न थोडा वेगळा. तिथे पिस्टन मूळपेक्षा दहा ग्रॅमने जड पण सगळे एकसारखे असले तर इंजिन निभावून नेते. एकच वेगळा असला तर बोंब. मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन पाहा. स्ट्रोक ७२ मिमी, क्रँकपिन १२० अंशांवर. तिघांची पहिल्या क्रमाची बले एकमेकांना छेद देतात, उरते ते टोकांचे डोलणे. एक पिस्टन खराब झाला म्हणून दुसऱ्या कंपनीचा एकच नग टाकला आणि तो दहा ग्रॅमने जड निघाला, तर ५००० आरपीएमला सुमारे १० किलोचे न फिटणारे बल तयार होते. 'तीन सिलिंडर आहे, थरथरणारच' म्हणून ते खपून जाते. नियम सोपा आहे: सगळ्यांत हलका पिस्टन, सगळ्यांत हलका स्मॉल एंड, सगळ्यांत हलका बिग एंड शोधायचा आणि बाकीचे त्याच्यापर्यंत आणायचे. स्पर्धेच्या इंजिनासाठी एका ग्रॅमच्या आत, रोजच्या गाडीसाठी दोन-तीन ग्रॅम पुरेत. व्ही-८ मध्ये तर याशिवाय क्रँक बॅलन्सिंग मशिनवर चढवताच येत नाही. तिथे प्रत्येक क्रँकपिनवर बॉबवेट (पिस्टन-रॉडच्या जागी लावायचे हिशेबी वजन) लावतात: दोन बिग एंड आणि त्यांची बेअरिंगे पूर्ण, वरखाली होणारे एका पिस्टनचे सगळे वजन, वर चार-पाच ग्रॅम तेलाचे. म्हणूनच अमेरिकेत व्ही-८ चे पिस्टन विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये पिस्टनचे वजन ग्रॅममध्ये दिलेले सापडते. होंडाच्या जुन्या चार सिलिंडर मोटरसायकलींच्या रॉडवर वजनगटाचे अक्षर कोरलेले असते आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ते कसे वाचायचे हे सांगितलेले असते. म्हणजे मागणी काही जगावेगळी नाही.

फ्लायव्हीलबद्दल थोडक्यात. तिथे नुसते वजन पाहून भागत नाही, ते कडेला आहे की मध्याशी, हे पाहावे लागते. एक किलो १२० मिमी त्रिज्येवर असले तर ६० मिमीवरच्या एक किलोच्या चौपट जडत्व देते. हलक्या फ्लायव्हीलने इंजिन चटकन रेव्ह होते, हे खरे. एकसारख्या वेगात त्याने ताकद वाढत नाही. आयडलिंग खडबडीत होते, क्लच सोडताना गाडी बंद पडते, चढावर गर्दीत रडते. शेतातल्या संथ चालीच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला दोन्ही बाजूंना जडच्या जड चाके असतात ती उगाच नव्हेत. दोन फेऱ्यांत एकच धक्का मिळतो आणि मधला वेळ ती चाकेच पंप ओढतात. चारचाकी डिझेलमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचे, मधे स्प्रिंगा असलेले) काढून त्या जागी सरळ एकसंध चाक बसवले की गिअरबॉक्स खडखडतो. आणि 'हलकी अॅल्युमिनियम पुली' म्हणून जे विकले जाते, त्याबद्दल सावध राहावे. मूळ क्रँक पुलीत रबराचा थर असेल तर ती नुसती पुली नाही, क्रँकच्या पिळाची कंपने शोषणारा डॅम्पर आहे. ती काढून भरीव हलकी पुली लावल्यावर किलोभर वजन वाचते आणि क्रँकला तडा जाण्याची सोय होते.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. थरथरणाऱ्या प्रत्येक इंजिनात वजन दोषी नसते. रॉड टाकून आलेला क्रँक व्ही ब्लॉकवर किंवा सेंटरमध्ये धरून डायल गेजने दोन्ही बाजूंना तपासावा. घड्याळाची सुई ०.०५ मिमीच्या पुढे हलत असेल तर आधी क्रँक ट्रू (सरळ) करून घ्यावा. कितीही तोलून मापून पिस्टन टाकला तरी वाकडा जुळवलेला क्रँक थरथरणारच, शिवाय मेन बेअरिंग खाणार. इंजिन माउंटिंगचे बोल्ट आणि बुशही त्याआधीच पाहावेत. वजनाचा संशय सगळ्यांत शेवटी घ्यावा, पण घ्यावा.

उत्पादकांना हे जड जाण्याचे कारण दिसत नाही. पिस्टनच्या ड्रॉइंगवर वजन आणि त्याची सूट लिहिण्याची पद्धत आहेच. बाजारातल्या डब्यावर ते उतरवायला शाईचा खर्च. पिस्टन सेटवर पिस्टन, पिन, रिंगा व लॉके यांची वेगवेगळी वजने आणि अधिक-उणे किती ग्रॅम हे हवे. रॉड किटवर स्मॉल एंड, बिग एंड आणि क्रँकपिन. फ्लायव्हील आणि मॅग्नेटवर एकूण वजन व बाहेरचा व्यास. ऑनलाइन विकणाऱ्यांनी 'लाइटवेट' हा शब्द वापरायचा असेल तर त्यापुढे ग्रॅमचा आकडा आणि कोणत्या मूळ भागाशी तुलना केली ते द्यावे. पार्सलचे खोक्यासकट वजन दाखवून काही उपयोग नाही. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडमध्ये पोरे बोअर गेज आणि मायक्रोमीटर वापरायला शिकतात, त्याच बाकावर एक काटा आणि रॉडचा स्टँड ठेवायला हरकत नसावी. स्टँड तर त्याच वर्कशॉपच्या भंगारातून, दोन जुन्या बेअरिंगांत आणि अर्ध्या तासाच्या वेल्डिंगमध्ये होतो.

आपला,
इंजिनकाम करणारा एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर